पदक गळ्यात, पदक पेटीत

गेल्या हिवाळ्यात सदलग्यास एका लग्नाला जाण्याचा योग आला. सदलगा म्हणजे चिकोडी तालुक्यातले दूधगंगेकाठचे गाव. चोहोबाजूंनी ऊस, आणि बाजारात मराठी व कानडी एकाच वाक्यात गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या. आपल्या कोल्हापुरातील कितीतरी जुन्या घराण्यांच्या सोयरिकी या पट्ट्यात जुळलेल्या असल्यामुळे मंडपातील निम्मे चेहरे ओळखीचे होते. अक्षता पडावयास दहा-पंधरा मिनिटे उरली असतील, एवढ्यात माझ्या मावसबहिणीचा मुलगा धापा टाकीत मंडपात शिरला. अंगात भडक नारिंगी टी-शर्ट, त्यावर त्या दिवशी पहाटे कोल्हापुरात झालेल्या शर्यतीचे नाव, आणि गळ्यात रुंद फितीला लटकणारे बशीएवढे पदक!

फेटे आणि पैठण्या यांच्या त्या गर्दीत ते पदक असे काही लखलखत होते की, मला राहवले नाही. मी म्हणालो, “काय रे, नवरदेवाच्या आधी हार तूच घालून घेतलास वाटतं!”

आसपासची मंडळी खदखदून हसली. तोही हसला. पण हसता हसता त्याने फीत डोक्यावरून काढली, पदक खिशात कोंबले आणि मागच्या रांगेत जाऊन बसला. फितीचे टोक मात्र खिशाबाहेर लोंबत राहिले होते.

पंगतीत त्याची आई, आमची आक्का, माझ्याजवळ येऊन बसली. आवाज न चढविता म्हणाली, “दादा, दोन वर्षांमागं त्याला दवाखान्यातून आणलं तेव्हा जिना चढवत नव्हता. आज एकवीस किलोमीटर धावून आलाय. घरात सगळी लग्नाच्या गडबडीत, हातावर साखर ठेवायलासुद्धा कुणी नव्हतं. म्हणून तसाच आला मांडवात, आपल्या माणसांना दाखवायला.”

त्या दिवशीची जिलबी मला गोड लागली नाही, हे कबूल केले पाहिजे. आणि तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. मिळविलेले पदक मिरवावे की मिरवू नये? मिरवावयाचे तर कोठे, किती वेळ आणि कोणापुढे? हा प्रश्न आता दोन-चार हौशी माणसांपुरता राहिलेला नाही. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, साताऱ्याच्या घाटातली अर्धमॅरेथॉन २०१२ मध्ये. आता तर कोल्हापूर-बेळगावकडे थंडीच्या दिवसांतला रविवार सहसा शर्यतीवाचून जात नाही. डॉक्टर, वकील, शिक्षक, सासवा आणि सुना, सगळे पहाटे उठून धावू लागले आहेत. पदके घरोघर आली आहेत. ती वागवावयाची रीत मात्र अजून आलेली नाही.

आमच्या पिढीचा पहिला आक्षेप ठरलेला असतो. पूर्वी शर्यतीत तिघांना बक्षीस मिळे. आता जो जो वेळेत पोहोचेल त्या प्रत्येकाच्या गळ्यात पदक पडते. सगळ्यांनाच पदक, मग पदकाला किंमत ती काय? मीही हेच म्हणत असे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काच्या घरी गेलो, तेव्हा या आक्षेपाचे उत्तर तिच्या पत्र्याच्या पेटीतून निघाले.

आक्काचे सासरे दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत शिपाई होते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, त्यामुळे या सीमाभागात अशी घरे पुष्कळ. पेटीत, जमिनीच्या कागदांखाली, मलमलीच्या फडक्यात त्यांचा ब्रह्मदेशच्या मोहिमेचा तारा जपून ठेवला आहे. सहा टोकांचा, काळपट तांबूस रंगाचा. हे काही शौर्यपदक नव्हे. यशवंत घाडगे किंवा नामदेव जाधव या मराठा पलटणीतील वीरांना मिळाला तो व्हिक्टोरिया क्रॉस वेगळा. आक्काच्या सासऱ्यांचा तारा ब्रह्मदेशच्या मोहिमेत जे होते, त्या हजारोंना मिळाला. परंतु “सगळ्यांनाच मिळाला, त्यात काय मोठे?” असे त्या ताऱ्याला आजवर कोणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. तो तारा “मी पहिला आलो” असे सांगतच नाही. तो इतकेच सांगतो, “मी तेथे होतो, आणि पुरते निभावले.” शर्यत पुरी करणाऱ्याचे पदकही नेमके एवढेच सांगते. जिंकणाऱ्याचे पदक निराळे आणि पुरी करणाऱ्याचे निराळे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला दोन्हींचा मान ठेवता येतो. घोटाळा होतो तो पहिल्याचा आव दुसऱ्याला आणल्याने.

ही कल्पना नवीही नाही. ऑलिंपिकमध्ये १८९६ च्या पहिल्या अथेन्सच्या खेळांपासूनच भाग घेणाऱ्यांना स्मरणपदक देण्यात आले. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांच्या दरम्यान सुमारे नव्वद किलोमीटरांची ‘कॉम्रेड्स’ नावाची शर्यत १९२१ पासून होते. आपल्याकडचे काही धावपटूही आता तेथे जातात. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी ती सुरू झाली. तेथे मुदतीत पोहोचणाऱ्यास पदक मिळते, आणि ते पदक अगदी लहान असते. शर्यत एवढी थोरली आणि पदक चिमुकले! जो ती शर्यत दहा वेळा पुरी करतो त्याचा क्रमांक कायमचा त्याच्या नावे होतो; तो पुन्हा दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. सन्मान म्हणजे आकार नव्हे, हे त्या लोकांनी बरोबर ओळखले आहे. आपल्याकडे मात्र काही शर्यतींत पदकांचा आकार दरसाल वाढताना दिसतो, आणि मग असा बशीएवढा ऐवज लग्नमंडपात डोळ्यांवर येतो. त्यात धावणाऱ्याचा दोष थोडा, ओतकाम करून घेणाऱ्यांचा जास्त.

या ठिकाणी आपल्या मुलखातील एका माणसाची आठवण काढणे भाग आहे. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० मध्ये अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन धावले. हिंदुस्थानातून प्रथमच गेलेला तो धावपटूंचा आणि मल्लांचा लहानसा संघ. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीच्या सव्वाबेचाळीस किलोमीटरांहूनही लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरांची होती. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. एकोणिसाव्या क्रमांकाला विजेत्याचे पदक नसते. पण बेळगावच्या मातीतून उठून अँटवर्पच्या रस्त्यावर जगातील निवडक धावपटूंत एकोणिसावे येणे म्हणजे काय, हे आज शनिवार-रविवार धावणाऱ्या कोणालाही विचारावे. तो कानाला हात लावील. खेदाची गोष्ट ही की, त्याच बेळगावातल्या किती घरांत हे नाव ठाऊक असेल, याची मला शंका आहे. ज्याने मिरवले पाहिजे होते त्याचे आपण विसरलो, आणि आज जो मिरवतो त्याला हसतो. दोन्हीकडे चूक आपलीच.

तेव्हा मिरवणे हा काही मुळात अपराध नव्हे. आपल्या मुलखात तर त्याची पक्की रीत होती, आणि ती कुस्तीच्या मैदानात अजून जिवंत आहे. शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये खुले झाले, तेव्हापासूनच्या किती पिढ्यांनी तेथे हे पाहिले असेल! कुस्ती चितपट झाली की विजयी मल्ल आधी माती कपाळी लावतो. पडलेल्या जोडीदाराला हात देऊन उठवतो. वस्तादांच्या पायावर डोके ठेवतो. मग हलगीच्या कडकडाटात लोक त्याला खांद्यावर घेतात, डोक्यावर फेटा चढतो, आणि तो मैदानाला फेरी मारतो. या फेरीत लोक त्याच्या हातावर पाच-दहा रुपयांपासून जमेल ते ठेवतात. एवढे उघडे, एवढे वाजतगाजत मिरवणे दुसरे कोणते असेल? तरी त्याला कोणी उथळ म्हणत नाही. कारण या मिरवण्यात सर्वांचा वाटा आहे. मातीचा आहे, वस्तादाचा आहे, हरलेल्याचा आहे, पाहणाऱ्याचा आहे. आणि ते त्या संध्याकाळपुरते आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच मल्ल तालमीत लंगोट लावून जोर काढताना दिसतो. तेथे फेटा नसतो.

सदलग्याला लागूनच एकसंबा. तेथल्या श्रीपती खंचनाळे यांनी कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत मेहनत केली आणि १९५९ मध्ये दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगाला हरवून ‘हिंदकेसरी’ किताब मिळविला. २०२० च्या डिसेंबरात ते वारले, तोवर साठ वर्षे लोक त्यांना ‘हिंदकेसरी खंचनाळे’ असेच म्हणत आले. किताब नावाआधी लागला तो लोकांच्या तोंडून. लोकच ज्याचे मिरवीत असतात, त्याला ते स्वतः मिरवावे लागत नाही.

आणि खाशाबा जाधवांची गोष्ट तर प्रत्येक पदकवाल्याने वर्षातून एकदा आठवावी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडत होते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गोळेश्वराकडे निघालेल्या त्यांच्या मिरवणुकीत दीडशेवर बैलगाड्या होत्या, आणि एरवी काही मिनिटांच्या त्या वाटेला सात तास लागले. पण गुलाल धुतल्यावर त्यांनी काय केले? कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशातून आपल्या प्राचार्यांचे घर सोडविले. मला वाटते, पदक मिरवण्याचा सर्वांत खानदानी प्रकार हाच. पदक म्हणजे एक प्रकारची पावतीच असते. आपल्यामागे कोणाचे किती देणे आहे, हे तिच्यावर लिहिलेले असते. ती पावती ज्याने वाचली, त्याला पदक कोणापुढे धरावे आणि कोणापुढे झाकावे हे शिकवावे लागत नाही.

आजच्या हौशी धावपटूचे देणे मैदानाएवढे नसेल, पण आहे. पहाटे चारला उठून चहा करून देणारी बायको, तो धावत असताना मुलांचे डबे भरणारी आई, रस्त्याकडेला पाण्याचे पेले धरून उभी राहिलेली शाळकरी पोरे, वाहने अडवून धरणारा पोलीस. घरी आल्यावर पदक आधी त्या घरच्या माणसांच्या हातात द्यावे. शेजाऱ्याने विचारले तर दाखवावे, न विचारता दुसऱ्यांदा दाखवू नये. भ्रमणध्वनीवर एक छायाचित्र टाकावे. किलोमीटरागणिक नाडीचे ठोके कळविण्याची गरज नाही. आणि ज्याच्या घरी त्या दिवशी लग्न, बारसे किंवा दुखवटा असेल, त्याच्या दारात शिरण्यापूर्वी पदक खिशात घालावे, कारण तो दिवस दुसऱ्याचा असतो. माझ्या भाच्याची चूक झाली असेल तर ती एवढीच. पण ती चूक पोटात घालून त्याला बाजूला घेणे हे माझे काम होते. चारचौघांत टपली मारणे नव्हे.

शर्टाची गोष्ट जराशी निराळी. पदक हे पेटीतले, शर्ट हा अंगावरचा. शर्यतीचा टी-शर्ट घालून सरावाला जावे, भाजी आणावी, घराला चुना लावावा. घामाने त्याचा रंग विटेल तसतशी त्याची शोभा वाढते. मात्र एक संकेत चांगल्या धावपटूंत पाळला जातो, तो सर्वांनीच पाळावा. शर्ट शर्यतीच्या आधी हाती पडला तरी शर्यत पुरी होईपर्यंत तो अंगात घालावयाचा नाही. अर्ध्या वाटेतून परतलो तर ‘पुरी केली’ असे छापलेला शर्ट घडी मोडल्यावाचून ठेवून द्यावयाचा. आणि दहा किलोमीटर धावलेल्याने बेचाळीस किलोमीटरांचा शर्ट मित्राकडून मागून घालू नये. पलटणीत दुसऱ्याचे पदक छातीवर लावणे जसे लाजिरवाणे, तसेच हे. ब्रिटिश परंपरेत मृत बापाची पदके मुलगा स्मृतिदिनी लावतो, पण उजव्या छातीवर. डावी बाजू ज्याने कमावली त्याची. इतका बारीक विवेक लष्कराने केला आहे.

शर्टाचा विचार करताना बारामतीच्या लता भगवान करे डोळ्यांपुढे येतात. साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी, तीन किलोमीटरांची शर्यत धावली आणि जिंकली. पतीच्या औषधपाण्याला पैसे हवे होते म्हणून. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, आणि २०२० मध्ये तो लोकांनी पाहिला. त्यांच्या अंगावर कोणत्याही शर्यतीचा शर्ट नव्हता. आपण हौसेने पैसे भरून धावतो, तेव्हा त्याच रस्त्यावर कोणी गरजेपोटी धावत असते, हे ध्यानात ठेवावे. सदलग्याकडच्या रस्त्यांवर पहाटे पोरांचे थवे धावताना दिसतात. सैन्यभरतीत सोळाशे मीटर ठरलेल्या वेळेत काढावे लागतात, त्याचा तो सराव. दोन-चार सेकंद जास्त लागले तर वर्षाची मेहनत जाते, आणि पुरे केले म्हणून तेथे पदक मिळत नाही. त्या पोरांपुढून जाताना आपले पदक छातीवर नाचवणे बरे दिसत नाही. त्यांच्यातल्या एखाद्याला जुने पण धड बूट दिले तर मात्र फार शोभेल.

याच सदलग्यात १९४६ मध्ये एक मुलगा जन्मला. १९६८ मध्ये अजमेरला त्याने दिगंबर मुनिदीक्षा घेतली आणि आचार्य विद्यासागर या नावाने तो देशभर वंदनीय झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत डोंगरगडास सल्लेखनेने त्यांनी देह ठेवला. ज्याने अंगावरचे वस्त्रही ठेवले नाही, त्याच्या गावात बसून शर्टाच्या आणि पदकाच्या गोष्टी कराव्यात, हे मला प्रथम चमत्कारिक वाटले. पण जैन धर्मानेच मुनी आणि श्रावक यांचे नियम वेगळे सांगितले आहेत. मुनीने सर्व सोडावयाचे. संसारी श्रावकाने परिग्रहाचे परिमाण करावयाचे, म्हणजे आपण किती बाळगणार याची मर्यादा आपली आपणच आधी ठरवावयाची. दुसऱ्याने ती घालून द्यावयाची नाही. पदकवाल्या गृहस्थाला याहून चांगला नियम मला सापडलेला नाही. एक दिवस गळ्यात, आठवडाभर खुंटीवर, मग पेटीत. किंवा ज्याला जसे झेपेल तसे. पण मर्यादा आपण घालावी, लोकांच्या हसण्याने ती पडण्याची वाट पाहू नये.

मात्र ही मर्यादा एका बाजूची झाली. दुसरी बाजू घरच्यांची, आणि तिकडे आपण जुनी घराणी फार कमी पडतो. मुलाने गुण मिळविले तर आपण पेढे वाटतो, नोकरी लागली तर देवापुढे नारळ फोडतो, पण चाळिशीचा माणूस धावून आला की त्याला “आता या वयात हे काय थेर!” असे म्हणून मोकळे होतो. तालमीतल्या पोराला फेटा बांधायला गाव असते. या माणसाला कोण आहे? रविवारी सकाळी नऊ वाजता तो लंगडत घरी येतो, तेव्हा उंबऱ्यावर कोणी उभे असेल, तर त्याला लग्नाच्या मंडपात उभे राहावे लागणार नाही. ज्याचे कौतुक घरात होत नाही तो ते रस्त्यावर मागत फिरतो, आणि मग आपणच त्याला उथळ ठरवितो.

म्हणून त्या दुसऱ्या सकाळी आक्काच्या सोप्यात बसल्यावर मी भाच्याला म्हणालो, “अरे, काल नीट पाहू दिलं नाहीस. आण बघू ते.”

तो जरा घुटमळला. मग आतून पदक घेऊन आला. आक्काने निरांजन लावले, त्याला पाटावर बसवून ओवाळले आणि हातावर साखर ठेवली. पदक माझ्या हातात चांगले जड लागले. सतराव्या किलोमीटरला पायात गोळे कसे आले, तेव्हा एक अनोळखी म्हातारे गृहस्थ त्याच्या बरोबरीने चालत कसे आले, शेवटचा चढ त्याने कसा काढला, हे सगळे तो सांगत बसला. अर्धा तास गेला असेल. एवढे बोललेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

निघताना पाहतो तो आक्काने पेटी उघडली होती. मलमलीचे फडके सोडून तिने सासऱ्यांचा तारा थोडा सरकवला आणि त्याच्या बाजूला ते बशीएवढे पदक ठेवले. फीत लांब होती. ती तिने दोनदा दुमडली. झाकण नीट बसेना, म्हणून पुन्हा एकदा दुमडली. भाचा दारात बुटांच्या नाड्या बांधीत होता. अंगात कुठल्याशा जुन्या शर्यतीचा, रंग विटलेला शर्ट होता.